छडी, वीट आणि चाकाची खुर्ची

१९३७ साली अठरा वर्षांचा एक मुलगा पुण्यात उतरला. अंगात बळ नव्हते, मराठीचा शब्द येत नव्हता आणि डेक्कन जिमखान्यावर कॉलेजच्या धट्ट्याकट्ट्या पोरांना योगासने शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपवले होते. कराराची मुदत सहा महिन्यांची. त्याची शेंडी, किडकिडीत देह आणि अडखळते इंग्रजी यांची पोरांनी यथेच्छ टिंगल केली. कित्येक दिवस त्याने नळाच्या पाण्यावर काढले. हाच मुलगा पुढे बी. के. एस. अय्यंगार म्हणून जगाला ठाऊक झाला. २०१४च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस सत्त्याहत्तर वर्षे पुणेकर होऊन राहिला.

योग म्हटले की आपल्यापैकी अनेकांना २१ जून, शाळेचे मैदान आणि वर्तमानपत्रांतला दरवर्षीचा वाद आठवतो. त्या वादाकडे मी शेवटी येणारच आहे. पण मला या इतिहासात रस आहे तो शिक्षकी पेशातली बाई म्हणून. मार खाऊन शिकलेला माणूस शिक्षक झाला तर तो मारतोच, हे आपण शाळाशाळांतून पाहिले आहे. मग याच मार खाल्लेल्या परंपरेतून आज जगभर चाललेले मऊ, अंगाला हात न लावणारे, अपंगांना आणि आघात सोसलेल्यांना सामावून घेणारे योगशिक्षण निघाले कसे?

अय्यंगारांचा जन्म १९१८च्या डिसेंबरमधला, कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचा. फ्लूची महासाथ चालू होती आणि आई त्याच आजाराने खंगलेली होती. वडील शाळामास्तर, तेही मूल नऊ वर्षांचे असताना गेले. मलेरिया, विषमज्वर, क्षय अशी दुखणी या पोराने बालपणीच भोगली. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला म्हैसूरला थोरल्या बहिणीकडे पाठवण्यात आले. बहिणीचे यजमान होते टी. कृष्णमाचार्य. म्हैसूरच्या महाराजांनी जगनमोहन राजवाड्यात त्यांना योगशाळा काढून दिली होती. हे गृहस्थ संस्कृतचे मोठे पंडित होते आणि तितकेच तापट होते. आधी त्यांनी या मरतुकड्या मेहुण्याकडे लक्षच दिले नाही. पहाटे उठून बागेला पाणी घालणे, घरची कामे करणे, मार खाणे हाच दिनक्रम. मग एका मोठ्या प्रात्यक्षिकाच्या तोंडावर त्यांचा आवडता शिष्य पळून गेला आणि काही दिवसांत अवघड आसने बसवण्याची पाळी या मुलावर आली. एकदा गुरूंनी पाहुण्यांसमोर हनुमानासन करायला सांगितले. दोन्ही पाय मागे-पुढे सरळ पसरून जमिनीला टेकवायचे असे ते आसन. मुलाने सबबी सांगितल्या, त्या चालल्या नाहीत. आसन झाले आणि मांडीमागचे स्नायू फाटले. पुढे बराच काळ त्याला नीट चालता येत नव्हते. हे सारे अय्यंगारांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. सांगताना गुरूविषयीचा आदर त्यांनी कधी कमी होऊ दिला नाही. हा आदर खरा होता असे मी मानते. मात्र त्यामुळे फाटलेला स्नायू शिवला गेला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी आसनांचा वर्ग म्हणजे ध्यानाची शांत खोली नव्हती. म्हैसूरची योगशाळा राजघराण्यातल्या मुलांसाठी होती, आणि प्रात्यक्षिके दाखवून लोकांना योगाकडे ओढणे हे कृष्णमाचार्यांचे एक मोठे काम होते. देशभर तेव्हा व्यायामाची लाट होती. आखाडे, तालमी, जिम्नॅस्टिक, कवायत. आपल्या महाराष्ट्रात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार हिरिरीने करत होते, आणि ते सूर्यनमस्कार तेव्हा योगात नव्हे, बलोपासनेत मोडत. योगासनांच्या वर्गात ते नंतर शिरले. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले, तिथे आसनांचे शरीरावर काय परिणाम होतात ते उपकरणे लावून तपासले जात होते. याच स्वामींनी शाळांसाठी सामूहिक योगव्यायामही बसवला. सामूहिक म्हटले की हुकूम आला, शिट्टी आली, रांग आली. शाळेतल्या पीटीच्या तासाला आजही आपण जे पाहतो त्याचे मूळ तिथे आहे.

तर पुण्याचा हा तरुण मास्तर. १९३६च्या कर्नाटकातल्या दौऱ्यात धारवाडच्या काही स्त्रियांनी योग शिकायची इच्छा दाखवली तेव्हा गुरूंनी यालाच पुढे केले, कारण सगळ्यांत लहान तोच होता. म्हणजे त्याच्या शिकवण्याची सुरुवातच बायकांच्या वर्गापासून झाली. पुण्यात बोलावणारे डॉ. व्ही. बी. गोखले हे शल्यचिकित्सक, त्यामुळे आजारी माणसेही त्याच्याकडे येऊ लागली. जिमखान्यावरच्या पोरांना दरडावून चालत असे. म्हाताऱ्या, वाकलेल्या, दम लागणाऱ्या माणसाला दरडावून काय होणार? त्याचा हात खाली पोचत नाही म्हणजे नाही.

इथून विटेची गोष्ट सुरू होते. हात जमिनीला टेकत नसेल तर जमीनच हातापर्यंत वर आणायची. रस्त्याकडेला पडलेली वीट, घरातली काठी, स्टूल, गाद्यागिरद्या, उशा, भिंतीला अडकवलेला दोर, पट्टे. पुढे पाठ काढून टाकलेली लोखंडी घडीची खुर्ची आली. ती तर आता जगात कुठेही अय्यंगार पद्धतीच्या वर्गात दिसते. गोष्ट साधी वाटते, पण शिक्षक म्हणून विचार करा. आपण वर्गात काय करतो? अभ्यासक्रम जमिनीवर ठेवतो आणि प्रत्येक मुलाला वाकायला सांगतो. ज्याचा हात पोचत नाही तो 'ढ'. या माणसाने आसन तेच ठेवले आणि माणूस व आसन यांच्या मधली जागा भरून काढली.

आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले तेव्हा पैगंबर (स.) यांनी सांगितले की उभे राहून नमाज पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ही हदीस बुखारीत आहे. मोहल्ल्यातल्या मशिदीत शेवटच्या भिंतीशी ठेवलेल्या खुर्च्या आपण रोज पाहतो. नमाज आणि आसन यांची तुलना मी करत नाही, दोन्हींचा हेतू वेगळा आहे आणि तो वेगळाच राहावा. मी फक्त शरीराला दिलेल्या सवलतीबद्दल बोलते आहे. खुर्चीवर बसलेल्याची नमाज कमी प्रतीची ठरत नाही, एवढीच त्यातली गोष्ट.

अय्यंगारांच्या बाबतीत मात्र एक विरोधाभास शेवटपर्यंत राहिला, आणि त्यांच्या भक्तांनी तो झाकू नये. वीट देणारा हात चापटही मारत असे. पाठीत, मांडीवर, कधी गालावरही. बी. के. एस. म्हणजे 'बीट, किक, स्लॅप' असा विनोद त्यांचे परदेशी शिष्यच करत. ओरडणे तर नित्याचे. आपण माणसाला नव्हे, त्याच्या झोपलेल्या गुडघ्याला मारतो, अशा अर्थाचे समर्थन ते करत. आमच्या लहानपणी मास्तर लोक छडीचे समर्थन जवळपास याच शब्दांत करत. रुग्णांच्या वर्गात हाच माणूस तासन् तास एकेका माणसाच्या मानेखाली घडी केलेली चादर नेमकी किती जाड हवी ते पाहत बसे. दोन्ही एकाच माणसात होते.

१९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक येहूदी मेन्युहिन यांच्याशी त्यांची गाठ पडली, १९५४ साली ते स्वित्झर्लंडला गेले, १९६६ साली 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक आले, ही सारी कथा अनेक ठिकाणी छापली गेली आहे, म्हणून तिथे थांबत नाही. १९६९-७०च्या सुमारास लंडनमध्ये जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. तिथल्या शिक्षण प्राधिकरणाकडे प्रौढांच्या सरकारी वर्गांत योग शिकवावा अशी मागणी आली. प्राधिकरणाची अडचण होती धर्माची. करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या वर्गात एखाद्या धर्माचे तत्त्वज्ञान कसे शिकवणार? शेवटी अट अशी ठरली की आसने आणि प्राणायाम शिकवा, अध्यात्म शिकवू नका. अय्यंगारांची पद्धत या अटीत बसली. ते स्वतः निष्ठावान वैष्णव होते, पतंजलींना वंदन केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे, तरीही त्यांनी ही अट मान्य केली. लंडनमधले ख्रिस्ती, ज्यू, नास्तिक असे हजारो लोक त्या दाराने आत आले. दार रुंद करायचे तर काही गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवाव्या लागतात, हे एका कर्मठ माणसाला समजले होते. त्यांच्या गुरूंनाही उतारवयात ते उमगले असावे. मद्रासला स्थायिक झाल्यावर कृष्णमाचार्य एकेका माणसाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे शिकवू लागले. ध्यानाच्या वेळी ते सांगत की देवाचे स्मरण करा, देव मानत नसाल तर सूर्याचे, तेही नको असेल तर आईवडिलांचे. म्हैसूरच्या त्या जमदग्नीचा हा दुसरा अवतार.

तसे पाहिले तर योगाचे दार आपल्यासाठी कधी बंद नव्हते. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने पतंजलींच्या योगसूत्रांचा भाष्यासह अरबी अनुवाद केला. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहंमद गौस यांनी 'बहरुल हयात' हा ग्रंथ फारसीत सिद्ध केला. १६००च्या सुमारास, शहजादा सलीमच्या काळात तयार झालेली त्याची सचित्र प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तिच्यात आसने करणाऱ्या योग्यांची एकवीस चित्रे आहेत. आसनांची इतकी जुनी पद्धतशीर चित्रमाला दुसरी ज्ञात नाही. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर 'योगसंग्राम' हा ग्रंथ आपल्याच मराठीत लिहिला. या विषयावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आज एवढेच.

१९७९ साली अय्यंगारांना थोड्या अंतराने स्कूटरचे दोन अपघात झाले. साठी ओलांडलेली, पाठीचा कणा आणि खांदे जायबंदी. आयुष्यभर कमावलेली आसने गेली. जी वीट आणि जे दोर त्यांनी रुग्णांसाठी शोधले होते तेच आता त्यांना स्वतःला लागले. पुन्हा पहिल्यापासून, वर्षानुवर्षे. पुण्याच्या संस्थेत (ती १९७५ साली, दिवंगत पत्नी रमामणी यांच्या नावाने सुरू झाली) ज्यांनी त्यांचा रोजचा सराव पाहिला त्यांना म्हातारा माणूस उपकरणांवर तासन् तास पडून राहिलेला दिसे. मऊपणा त्यांच्या जिभेवर कधी फारसा आला नाही, पण सरावात आला.

मुलगी गीता अय्यंगार यांचा वाटा मला वडिलांइतकाच मोठा वाटतो. लहान वयात त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला आणि त्या योगाकडे वळल्या. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपणानंतरचे दिवस, पाळी जाण्याचा काळ, या प्रत्येक अवस्थेत कोणते आसन करावे, कोणते टाळावे, आधार कसा घ्यावा, हे त्यांनी बारकाईने बसवले आणि लिहिले. त्याआधीची आसनांची पुस्तके पुरुषाचे शरीर हेच प्रमाण धरून चालत. बाईच्या शरीराला महिन्यातले काही दिवस वेगळे वागवावे लागते, हे योगाच्या वर्गात उघडपणे बोलले जाऊ लागले त्यात या पुण्याच्या बाईंचे श्रेय आहे. बोलायला त्याही कडक होत्या म्हणे. घराण्याचा गुण!

आता अमेरिकेत जाऊ. १९७८च्या नोव्हेंबरमध्ये बर्फाळ रस्त्यावरून एका कुटुंबाची मोटार घसरली. वडील आणि बहीण गेली. तेरा वर्षांचा मॅथ्यू सॅनफर्ड वाचला, पण छातीपासून खाली लुळा झाला. पुढचे उपचार त्याने 'वेकिंग' या २००६ सालच्या पुस्तकात लिहिले आहेत. वेदना इतक्या होत्या की त्या सोसण्यासाठी तो मनाने शरीराबाहेर निघून जायला शिकला. पायांत काहीतरी सळसळते असे तो सांगे, तेव्हा डॉक्टर म्हणत की ते खरे नाही, विसर. वरचे अंग बळकट कर आणि खालचे ओढत ने, हा सल्ला. डॉक्टर दुष्ट नव्हते. खोटी आशा लावू नये असे त्यांना वाटत होते. पण मुलाने त्यातून अर्थ घेतला तो असा की अर्धे शरीर मेले आहे आणि त्याच्याशी संबंध तोडायचा आहे.

पंचविशीत, १९९१ साली, तो जो झुकोविच या अय्यंगार पद्धतीच्या शिक्षिकेकडे गेला. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला योग कसा शिकवायचा हे तिलाही माहीत नव्हते. दोघांनी मिळून शोधायला सुरुवात केली. जमिनीवर बसून पाय रुंद पसरवणे, एवढे साधे आसन. अपघातानंतर बारा वर्षांत त्याचे पाय तसे कधी पसरले गेलेच नव्हते. त्याला रडू कोसळले. पाय हलत नव्हते, पण आसनात ते सामील होते, आणि ती जाणीव त्याला आतून येत होती. अय्यंगारांची शिकवण म्हणजे शरीराचा कण न् कण जागा करणे. ती शिकवण स्नायू हलवू न शकणाऱ्या शरीरातही काम करते, हे या विद्यार्थ्याने दाखवून दिले.

त्याच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रसंग मात्र वेगळा आहे. प्रगती होऊ लागली तशी हाव सुटली. एका आसनात त्याने जोर लावला आणि मांडीचे हाड मोडले. लकव्याने हाडे ठिसूळ झालेली, आणि दुखणे कळवणारी वाट बंद. म्हैसूरच्या त्या मुलाचा स्नायू गुरूच्या हट्टापायी फाटला होता, याचे हाड स्वतःच्या हट्टापायी मोडले. सॅनफर्ड लिहितो की आपण आपल्या शरीरावर जुलूम करत होतो हे त्याला तेव्हा कळले. त्यानंतर त्याची पद्धत बदलली. अय्यंगार परंपरेचा प्रमाणित शिक्षक होऊन त्याने मिनेसोटा राज्यात 'माइंड बॉडी सोल्यूशन्स' ही संस्था काढली. अर्धांगवायू झालेले, मेंदूला इजा झालेले, युद्धावरून परतलेले सैनिक असे लोक तिथे शिकू लागले. शिकवणारा स्वतः चाकाच्या खुर्चीत. असा शिक्षक 'माझ्यासारखे करा' असे म्हणूच शकत नाही. त्याला प्रत्येकाला विचारावेच लागते की तुला काय जाणवते.

'आघात' हा शब्द वर आला. उर्दूत याला सदमा म्हणतात, आणि मराठी माणसालाही तो १९८३च्या श्रीदेवीच्या सिनेमामुळे ओळखीचा आहे. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकी मानसोपचाराने १९८० साली या विकाराला अधिकृत नाव दिले. बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक यांनी अनेक वर्षे अशा रुग्णांवर काम केले. त्यांचे म्हणणे असे की आघाताची आठवण नुसती डोक्यात नसते, ती शरीरात दबा धरून बसते. मागून कुणी आले की दचकणे, छातीत धडधड, अंग बधिर होणे. बोलून बोलून ती निघत नाही. म्हणून त्यांच्या केंद्रात डेव्हिड एमर्सन या योगशिक्षकाच्या मदतीने आघात सोसलेल्यांसाठी योगाचे वर्ग बसवले गेले. २०१४ साली या वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी दीर्घ उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया, दहा आठवडे. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी आजाराच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या. आरोग्यशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या गटात २९ पैकी ६. संख्या लहान आहे, तिच्यावरून फार मोठे दावे करू नयेत, आणि योग हा मानसोपचाराच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला होता. पण ज्यांच्यावर औषध चालत नव्हते त्यांच्याबाबतीत एवढा फरक पडणे लहान गोष्ट नाही.

एमर्सनच्या वर्गात शिक्षक विद्यार्थ्याच्या अंगाला हात लावत नाही. पाठीमागून फिरत नाही. समोर बसून स्वतःही करतो. पट्टे वापरत नाही, कारण ज्या बाईला कधी बांधून ठेवले गेले होते तिला पट्टा पाहून काय वाटेल सांगता येत नाही. म्हणजे पुण्याने जो पट्टा मदतीसाठी दिला तोही बॉस्टनने बाजूला ठेवला, आणि दोघांचे कारण एकच, समोरच्या माणसाची सोय.

सगळ्यांत मोठा बदल त्यांनी केला तो भाषेत, आणि इथे माझ्यातली व्याकरण शिकवणारी बाई जागी होते. मराठीत 'हात वर करा' हा आज्ञार्थ. 'हात वर करावेत' हा विध्यर्थ. 'वाटल्यास हात वर करता येतील' यात निवड समोरच्याची. उर्दूत 'करो', 'कीजिए', 'चाहें तो कर लें'. एमर्सनचा सगळा वर्ग या तिसऱ्या रूपात चालतो. ज्याच्या शरीरावर दुसऱ्या कुणी हुकूम गाजवला, त्याच्यावर प्रेमाने का होईना आणखी एक हुकूम सोडायचा नाही. हाताची हालचाल त्यामानाने दुय्यम. हात वर करायचा की नाही हे आपण ठरवू शकतो, हे त्या बाईला पुन्हा कळणे हाच तो व्यायाम.

याच सुमारास परंपरेच्या दुसऱ्या शाखेत वाईट गोष्टी उघड झाल्या. कृष्णमाचार्यांचेच शिष्य, म्हैसूरचे पट्टाभी जोइस २००९ साली वारले. आसन 'दुरुस्त' करण्याच्या नावाखाली त्यांनी आमच्या शरीराशी नको ते केले, असे २०१७ नंतर त्यांच्या अनेक शिष्यांनी जाहीरपणे सांगितले. इतकी वर्षे गप्प का, असे विचारणारे निघालेच. ते नेहमीच निघतात. या प्रकरणानंतर जगभरच्या अनेक योगवर्गांत संमतीची चकती आली. चटईच्या कडेला ती ठेवायची, एक बाजू वर म्हणजे हात लावला तर चालेल, दुसरी म्हणजे लावू नका. गुरूचा हात पवित्रच असतो या समजुतीला एवढ्याशा चकतीने शह दिला.

आता आपल्याकडचे. २०१४च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २१ जून योगदिन ठरवला. २०१५चा पहिला योगदिन जवळ आला तसा आपल्या समाजात विरोध झाला, तेव्हा सरकारने कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले आणि मंत्र म्हणणे ऐच्छिक असल्याचे सांगितले. आपल्यातल्या काहींना तो विजय वाटला, दुसऱ्या बाजूच्या काहींना लांगूलचालन. मला त्यात लंडनचीच जुनी अट दिसली. सूर्याला नमस्कार करावा की नाही यावर माझे मत स्पष्ट आहे, आणि ज्याला करायचा त्याच्या हक्काबद्दलही स्पष्ट आहे. पण या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटली, ती म्हणजे मैदानावर उभे असलेले मूल. त्याला कुणीच विचारत नाही. सौदी अरबस्तानने २०१७ साली योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्यामागे नौफ मरवाई या बाईंची अनेक वर्षांची खटपट होती. ल्युपस या चिवट आजाराशी झगडताना त्या योगाकडे आल्या आणि २०१८ साली भारताने त्यांना पद्मश्री दिली. जेद्द्याला जे शक्य झाले ते आपल्या मोहल्ल्यात अशक्य का असावे, हा प्रश्न मी पालक सभेत विचारला आहे.

आमच्या बी.एड.च्या वर्गात बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात आघात हा शब्द कुठे आल्याचे मला स्मरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने छडी २०१० पासून बंद केली, पण पीटीच्या तासाचा आवाज तोच राहिला. एका वर्षी योगदिनाला बाहेरून आलेले प्रशिक्षक रांगांतून फिरत होते आणि वाकलेल्या मुलींच्या पाठीवर मागून हात दाबत होते. सातवीतली एक मुलगी ताडकन सरळ झाली आणि रांग सोडून भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिला 'शिस्त नाही' असे ऐकावे लागले. तिच्या घरात काय चालते ते आम्हा दोघीतिघींना ठाऊक होते. भिंत तिने बरोबर निवडली होती. पाठ झाकली जाते.

पुढच्या वर्षीपासून मुलींच्या वर्गाच्या सूचना लिहून देण्याचे काम मी मागून घेतले. उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत. 'चाहें तो आँखें बंद कर लें, चाहें तो खुली रखें.' 'वाटल्यास पुढे वाकता येईल, जिथे बरे वाटेल तिथे थांबा.' मागच्या ओळीत बाक ठेवले, ज्यांना बसून करायचे त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी दोन मुली बाकावर बसल्या, त्यातली एक ती. तिसऱ्या दिवशी बाक कमी पडले, म्हणून शेजारच्या वर्गातून आणावे लागले.